कोल्हापुरातली हेरकथा, तीही प्रेमाची : मसुदा फाडून द्या

निळी_शाई
कादंबरीचा आराखडा झालाय. वृंदा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात आहे. नचिकेत हुपरीच्या चांदीचा घाऊक खरेदीदार म्हणून आलाय, खरं काम वेगळं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दोघं चार दिवस एका घरात अडकतात, तिथंच ओळख आणि तिथंच प्रेम. तिसऱ्या रात्री तो स्वतःच सांगतो की तो कोण आहे. उत्तरार्ध नोव्हेंबरात, अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या गर्दीत. सध्याच्या मसुद्यात घर शिवाजी पेठेत आहे, चिप कोल्हापुरी चपलेत लपवलीय, पुराच्या रात्री तो रेल्वेनं गोव्याला पळू बघतो आणि रॉचा अधिकारी बिंदू चौकात त्याला पिस्तूल रोखून अटक करतो. कुठं काय चुकतंय ते निर्दयपणे सांगा. आणि हो, शृंगार हवाय. "दिवा मालवला" म्हणून प्रकरण संपवायचं नाही.

तिकटी
एका परिच्छेदात एवढ्या चुका? नाद खुळा!

पहिलं, रेल्वे. कोल्हापूर हे टर्मिनस, रूळ इथंच संपतात. गोवा असो नाहीतर दिल्ली, आधी मिरजच गाठायची, म्हणजे ४८ किलोमीटर उलट पूर्वेला. वाटेत रुकडीजवळ पंचगंगा ओलांडायची, आणि पुरात त्या पुलाचा काय भरवसा? इथून पळणारा माणूस स्टेशनवर जातच नाही.

दुसरं, घर. शिवाजी पेठ उंचावर आहे, तिथं पुरानं माणूस अडकत नाही. घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, सुतारवाड्यात किंवा दुधाळीत घ्या. वरचा मजला, खालच्या मजल्यात पाणी.

तिसरं, रस्ते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुण्याची बाजू बंद. दक्षिणेला निपाणीअलीकडं यमगर्णीत वेदगंगा रस्त्यावर येते, म्हणजे बेळगावही तुटलं. रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ, गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली. त्या आठवड्यात कोल्हापूर हे बेट होतं. म्हणून पळापळीचं प्रकरण काढूनच टाका. हेराला बाहेर पडता येत नाही आणि त्याला पकडणाऱ्यालाही आत येता येत नाही, यातच जास्त ताण आहे.

वेळ दाखवायला घड्याळ नको, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा वापरा, पाण्याची पातळी तिथं मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. इथं पावसाळ्यात माणसं एकमेकांना "जेवलास का" नंतर "किती फूट झालं" हेच विचारतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. "पाचवा उघडला" एवढं रेडिओवर आलं की वाचकाला कळतं, आज रात्री जिन्याची आणखी एक पायरी बुडणार.

खरबुडी
पुरातल्या घरात नळाला पाणी नसतं हे विसरू नका. नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली की शहराचा पाणीपुरवठा बंद. चहूकडं पाणी, आणि प्यायला टँकर. वीजही गेलेली. मसुद्यात दोघांचं गरम पाण्यानं अंघोळीचं दृश्य असेल तर ते गेलं. घागरभर पाणी चार दिवस पुरवायचंय. तिनं ओल्या फडक्यानं त्याची पाठ पुसणं हेच त्या घरात चैन आहे, आणि लिहायलाही तेच जास्त बरं.

अजून एक. त्या आठवड्यात शहरात एनडीआरएफ, नौदल, लष्कर सगळे होते. ते बोटी घेऊन आले होते माणसं काढायला, पण हेराला वर्दी दिसली की पोटात गोळा येणारच. आणि निवारा केंद्रात गेलं की पहिला प्रश्न नाव आणि गाव. सुटकेची बोट खिडकीशी येते आणि नचिकेत चढायला नकार देतो. वृंदाला संशय यायला एवढं पुरे.

५ ऑगस्ट २०१९ हा ३७० कलमाचा दिवस, सोमवार. अख्ख्या देशाचं लक्ष काश्मीरकडं आणि इथं पंचगंगा चढतीय. ही जुळवाजुळव तुम्ही केली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता. आयती मिळालीय, वापरा.

ओसरी
अटकेचं दृश्य पूर्ण बदला. रॉची स्थापना १९६८ ची, काम परदेशी हेरगिरीचं. आयबी देशातली माहिती काढते, पण अटकेचा अधिकार तिलाही नाही. अटक पोलीसच करणार, स्थानिक किंवा २००४ पासून असलेलं राज्याचं दहशतवादविरोधी पथक. बिंदू चौकात साध्या कपड्यातले दोघं लांब उभे राहून नुसतं बघतात आणि पोलीस हवालदार पुढं होतो, हे खरं दृश्य. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं. हेरगिरीच्या खटल्याला सरकारच्या अधिकारानं केलेली तक्रार लागते, त्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. सुनावणी बंद दारामागं होऊ शकते, शिक्षा मात्र उघड न्यायालयात सुनवावी लागते. उच्च न्यायालयातल्या जामिनासाठी २०१९ साली वकील मुंबईलाच जाणार. उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं.

पण तुमच्या गोष्टीचा खरा पीळ पुढंच आहे, आणि तो तुम्ही वापरलेलाच नाही.

१९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात कलम ३ हेरगिरीचं. संरक्षणाशी संबंध असेल तर १४ वर्षांपर्यंत. कलम १० बघा: हेर आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला सबळ कारण असून त्याला आसरा देणं हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत. म्हणजे तिसऱ्या रात्रीपर्यंत वृंदा निर्दोष. चौथ्या सकाळी तिनं त्याच्यासाठी चहा टाकला की गुन्हेगार. चहा तोच, स्टोव्ह तोच.

भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ मध्ये गुन्हेगाराला आसरा देणाऱ्या नवराबायकोला सूट होती. गुपिते कायद्याच्या कलम १० मध्ये तसली सूट नाही. लग्न करून ती यातून सुटत नाही.

दुसरीकडं पुरावा कायद्याचं कलम १२२: लग्न टिकून असताना नवऱ्यानं बायकोला जे सांगितलं ते उघड करायला तिच्यावर सक्ती करता येत नाही, आणि त्याची संमती नसेल तर तिला ते सांगताही येत नाही. पण हे फक्त सांगितलेल्याला. १९५४ च्या राम भरोसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बायकोनं डोळ्यांनी पाहिलेली नवऱ्याची कृती यात येत नाही. ऐकलेलं झाकतं, पाहिलेलं झाकत नाही.

आता मांडणी बघा. तिसऱ्या रात्री त्यानं सांगितलं तेव्हा लग्न नव्हतं, ते उघडं. नंतर लग्न केलं तरी मागचं झाकलं जात नाही. लग्नानंतरचं बोलणं सुरक्षित, पण तिनं बघितलं की ती साक्षीदार.

(कथा १ जुलै २०२४ नंतर नेलीत तर कलमांचे आकडे बदला. २१२ चं न्याय संहितेत २४९, १२२ चं साक्ष अधिनियमात १२८. गुपिते कायदा आहे तोच.)

निळी_शाई
म्हणजे तो तिला म्हणणार, "डोळे मीट"...

ओसरी
म्हणू दे की. प्रियकर म्हणतो तसंच म्हणू दे. का म्हणाला ते तिला आणि वाचकाला चाळीस पानांनी कळू दे.

मोडीवाली
ओसरी, हे वाचून हात थांबला. यापुढं सगळा शृंगार या एका वाक्याभोवती लिहिता येईल.

फक्त लग्न कसलं ते ठरवा. विशेष विवाह कायद्यानं केलं तर तीस दिवसांची नोटीस, तीही कार्यालयात लावलेली. लपलेला माणूस स्वतःचं नाव भिंतीवर महिनाभर टांगून ठेवेल? वैदिक पद्धतीनं एका दिवसात उरकेल, नोंदणी मागाहून.

ओतारी
फौंड्रीकडं वळूया. गुपित म्हणजे "नकाशा" हे सिनेमातलं. कास्टिंगचं ड्रॉइंग गिऱ्हाईक, पॅटर्नवाला, मशीनशॉप अशा दहा हातांतून फिरतं. चोरण्यासारखं काही असेल तर ते वृंदाच्या टेबलावर आहे: कुठल्या हीटचा (भट्टीतून एका वेळी वितळवलेल्या धातूचा) माल, किती नग, कुठं आणि कधी रवाना. प्रत्येक हीटला नंबर असतो. त्या नंबरावरून स्पेक्ट्रोमीटरचा रिपोर्ट, ताणचाचणी, डिस्पॅच सगळं जुळतं. तीन महिन्यांचे हीट नंबर आणि डिस्पॅच चलनं शेजारी ठेवली की समोरच्याला किती गाड्या उभ्या राहतायत ते कळतं. नकाशापेक्षा ही कंटाळवाणी वही महाग.

फौंड्रीत थरार हवा तर एसजी आयर्नचं, म्हणजे गोळीदार ग्राफाइटच्या लोखंडाचं, ओतकाम घ्या. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियमची प्रक्रिया केली की ते साधारण दहा मिनिटांत साच्यात गेलं पाहिजे. उशीर झाला की मॅग्नेशियम उतरतं, ग्राफाइट गोळीदार राहत नाही आणि माल रिजेक्ट. त्या दहा मिनिटांत लाडलवरचा (वितळलेलं लोखंड ओतायच्या भांड्यावरचा) माणूस जागा सोडत नाही, कुणी कुणाचा पाठलाग करत असलं तरी. नचिकेतला हे माहीत असेल तर तो तीच दहा मिनिटं निवडेल. सगळ्यांचे डोळे लाडलकडं, क्वालिटीची केबिन रिकामी.

पुरात भट्टी पेटती दाखवू नका. इंडक्शन फर्नेसच्या कॉइलला सतत थंड पाणी लागतं. वीज गेली तर आणीबाणीच्या टाकीतून ते चालू ठेवायचं, नाहीतर कॉइल गेली. आणि वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं तर वाफेचा स्फोट. ओली स्क्रॅप भट्टीत पडली तरी तेच. शिरोलीत पाणी चढायची बातमी आली की शहाणा सुपरवायझर आधी भट्टी रिकामी करतो.

तिकटी
ओतारींनी प्रकरणच लिहून दिलं की!

पायताण
आता चपलेबद्दल. ऑगस्टमध्ये, तेही पुरात, कोल्हापुरी कोण घालतं? वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेलं कातडं पाण्यात फुगतं, वादीचे टाके ढिले पडतात, मग बुरशी. पावसाळा लागला की जाणता माणूस ती पुसून कपाटात ठेवतो. हेरानं पुरात कोल्हापुरी घातली तर तो बाहेरगावचा आहे हे शेंबडं पोर पण ओळखेल. (तुम्हाला तेच दाखवायचं असेल तर भारी.)

नोव्हेंबरात मात्र चालेल. मायक्रो एसडी कार्ड १५ गुणिले ११ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. तळाच्या थरांत आरामात बसतं, पण बनवताना नाही. कातडं भिजवून ठोकतात, तेव्हाच आत असेल तर कार्डाचा भुगा. तयार चपलेची टाचेकडची शिवण तीन-चार टाके उसवायची, कार्ड मेणकागदात गुंडाळून आत सरकवायचं, तशाच वादीनं परत शिवायचं. खिळा किंवा नायलॉनचा दोरा दिसला की कारागीर एका नजरेत ओळखतो. टाच सोडून अंगठ्याखाली ठेवलंत तर चालताना वाकून तुटेल. आणि करकर वाजणारी चप्पल हेराला देऊ नका, कृपा करा.

घाटी_दरवाजा
देवळाचा भाग माझ्याकडं. अंबाबाईच्या देवळाला चार दरवाजे: पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी, पूर्वेला पूर्व दरवाजा, दक्षिणेला विद्यापीठ. एकटा माणूस पाळत ठेवूच शकत नाही. चार दारांना चार, शिवाय आत एक, एवढी माणसं धरा. पाळतीसाठी जागा मात्र उत्तम, कारण इथं परगावचा माणूस उपरा वाटत नाही. हेच काम मंगळवार पेठेत करून बघा. तालमीसमोर दहा मिनिटं विनाकारण उभं राहिलं की कट्ट्यावरून हाक आलीच, "कुणाकडं आलायसा?" पेठेत पाळत ठेवणारा आधी पकडला जातो, हेर नंतर.

चपला बाहेर काढाव्या लागतात, बिल्ला मिळतो. वस्तू हातातून हातात द्यायची गरजच नाही. बिल्ला बदलला की झालं. वृंदा नवऱ्याची चप्पल ठेवते, दर्शनाच्या रांगेत बिल्ला पुढच्याच्या तळहातात सरकतो, तो बाहेर येऊन चप्पल घालतो आणि चालू लागतो. घोळ एकच. ज्या दारानं आत गेलात त्याच दारानं बाहेर यायला हवं. पाठलाग चुकवायला दुसऱ्या दारानं निसटलात तर अनवाणी, आणि महाद्वार रोडवर बाई अनवाणी भराभरा चाललीय म्हटल्यावर चार माणसं बघणारच.

किरणोत्सवाच्या तारखा: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग, धूळ किंवा वाटेतलं एखादं बांधकाम आलं तर तेवढी पोचत नाहीत. किरणं कुठवर पोचली ते त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत बघूनच लिहा. काही मिनिटांचा खेळ, आणि तेवढा वेळ अख्खी गर्दी एकाच दिशेला बघते.

आणि ९ नोव्हेंबर २०१९ कुठला दिवस आठवतंय का? अयोध्येचा निकाल. शनिवार होता, राज्यभर पोलीस बंदोबस्त. पहिला दिवस घेतलात तर महाद्वारात दुप्पट खाकी दाखवा.

मोडीवाली
गर्दीत बोलायचं कसं, ते विचारलं नाहीत पण सांगते. मोडीत चिठ्ठी लिहू नका. मोडी ही लिपी आहे, कूट नव्हे. शिकलेला माणूस ती वाचतो, २०१४ पासून युनिकोडमध्येही आहे.

त्यापेक्षा करपल्लवी. "अहिफन कमल चक्र टंकार" असा जुना श्लोक आहे, पुढच्या चरणाला पाठभेद भरपूर. नागाची फणा केली की स्वर, कमळ केलं की क वर्ग, चक्र फिरवलं की च वर्ग, धनुष्याचा टणत्कार म्हणजे ट वर्ग, झाड म्हणजे त वर्ग. मग बोटं दाखवायची, वर्गातलं कितवं अक्षर ते. मात्रेसाठी चुटकी, कितव्या मात्रेला किती ते दोघांनी आधी ठरवायचं. "जा" म्हणायचं तर चक्र, तीन बोटं, चुटकी. एका अक्षराला दोन-तीन खुणा लागतात, म्हणून गर्दीत तीन-चार अक्षरांच्या वर जाऊ नका. खुणा दर्शनाच्या हातवाऱ्यांत मिसळतात. श्लोकाच्या शेवटी येतो तो "शृंगार", श वर्गाची खूण. पुराच्या घरात अंधाऱ्या रात्री त्यानं तिला ही विद्या तळहातावर बोट फिरवून शिकवली असेल, तर नोव्हेंबरात तिचं बोट हलताना वाचकाच्या अंगावर काटा येईल.

साक्षेप
माझी हरकत वेगळी आहे. चार दिवसांत ओळख, प्रेम, कबुली? प्रेमाचा सापळा असा चालत नाही. शीतयुद्धात मार्कुस वोल्फच्या पूर्व जर्मन हेरखात्यानं पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमधल्या सरकारी कार्यालयांतल्या सेक्रेटरींमागं देखणे पुरुष लावले होते, पण त्यांचं काम सावकाश चालायचं. आधी ओळख, मग सवय, मग एखादी निरुपद्रवी मागणी. ऑफिसची फोन यादी, जुनं चलन. ती दिली की दुसरी जरा मोठी. पहिल्या मागणीत गुपित नसतंच. "नाही" म्हणायची सवय मोडणं हा त्या मागणीचा हेतू.

म्हणून ओळख जूनमध्येच होऊ द्या. पुरात प्रेम सुरू होत नाही, पुरात नचिकेतचं नाटक बिघडतं. चार दिवस वरिष्ठांशी संपर्क नाही, मागायला काही नाही, आणि तरीही तो तिथंच बसून राहिलाय.

वरिष्ठांचा संशय हवा असेल तर कौटिल्य पुरे. तीन वेगवेगळ्या हेरांचं एकच म्हणणं आलं तरच विश्वास ठेवावा, असं अर्थशास्त्र सांगतं. नचिकेतच्या अहवालाशी दुसऱ्या दोघांचं जुळत नाही, एवढंच कळू द्या.

निळी_शाई
सगळं उतरवून घेतलं. हा पुराच्या दुसऱ्या रात्रीचा तुकडा, आता शृंगार बघा:

"त्याच्या बलदंड बाहुपाशात तिची कमनीय काया थरथरली. अधरांवर अधर विसावले. वासनेच्या वणव्यात दोघे भस्मसात झाले."

मोडीवाली
बाहेर महापूर आणि आत वणवा? काया, अधर, बाहुपाश हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेत, त्यांना अंग उरलेलं नाही. पण उघडेवाघडे शब्द भरून ऊब येते असंही नाही. क्रियापदं घ्या. कोण काय सोडवतं, काय अडकतं, कोण थांबतं. त्या घरातल्याच वस्तू घ्या. विचारणं आणि होकार दोन्ही बोलीत येऊ द्या. लावणीत नखरा असतो तो उशीर करण्यात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

निळी_शाई
दुसरा प्रयत्न:

"कंदिलाची वात तिनं खाली केली. जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी चपचप वाजत होतं. त्यानं तिच्या मनगटावरची बांगडी वर सरकवली. खाली लाल वळ होता. त्यावर ओठ टेकले आणि तिथंच राहिला.
'पुढं?'
'तू सांग.'
तिनं सांगितलं नाही. त्याच्या शर्टाचं दुसरं बटण सोडवलं, मग तिसरं. चौथं ओलं होऊन काजात फुगलं होतं, निघेना. दोघंही हसले, आणि हसता हसता त्याचा श्वास तिच्या मानेवरच्या केसांत शिरला. खाली काहीतरी भिंतीला आपटलं, पितळेचा डबा असावा. ती उठली नाही. त्यानं तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवला.
'मीट.'
'अंधारच तर आहे.'
'तरी मीट.'"

खरबुडी
हे जमलं. फुगलेलं बटण लाकडाचं आहे एवढं एकदा सांगा, प्लास्टिकचं फुगत नाही.

ओसरी
आणि हा "मीट" लग्नाआधीचा, म्हणजे इथं कायद्याचा काही उपयोग नाही, फक्त सवय लावणं. नोव्हेंबरात तेच वाक्य येईल तेव्हा चपलेचे टाके उसवलेले असतील.

शेवटच्या दृश्याला एक भेट देतो. २०१९ साली लागू असलेली फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ४६ पोटकलम ४: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारीच करणार, तीही लेखी अहवाल देऊन आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. वृंदा गाभाऱ्यासमोर उभी असेल, तर पोलिसांकडं किरणं असेपर्यंतच वेळ आहे.

निळी_शाई
थांबा. सूर्यास्त कुठला धरायचा? देवीवरून किरणं सरकतात तो, की पंचांगातला?

घाटी_दरवाजा
पंचांगातला. किरणं आधी जातात, सूर्य नंतर बुडतो. गर्दी तेव्हाच महाद्वाराकडं वळते, आणि तिचा बिल्ला घाटी दरवाजाचा आहे.